दादाने एकट्याने केलेला गेम

दादाच्या मते भविष्यकाळात सतत पाऊस पडणार होता. कुठल्या साली, कुठल्या शहरात, असले प्रश्न विचारायची सोय नव्हती. पडणार म्हणजे पडणार, आणि तोही जांभळा. दोनशे मजली इमारती, उडत्या गाड्या, माणसांना लोखंडी हात आणि काचेचे डोळे, आणि एवढी अक्कल चालवणाऱ्या त्या लोकांपैकी एकालाही छत्री सुचलेली नव्हती. दादाचा गुप्तहेर चार वर्षं नुसता भिजत होता.

"अरे, त्याच्या डोक्यावर निदान टोपी तरी घाल," वहिनी एकदा म्हणाली होती.

"टोपी घातली तर चेहऱ्यावरचा एकाकीपणा झाकला जाईल," दादा म्हणाला.

चेहरा म्हणजे एकूण बारा ठिपके. त्यातला एक नाक, दोन डोळे. एकाकीपणा उरलेल्या नऊ ठिपक्यांत बसवायचा होता, आणि ते काम चिमीकडे होतं.

चिमी ही दादाची धाकटी बहीण. वय अडतीस, चष्म्याचा नंबर दर वर्षी वाढता, पण घरात ती चिमीच. चार वर्षांपूर्वी ती एका शाळेत चित्रकला शिकवत होती आणि बरं चाललं होतं तिचं. मग एका रविवारी दादाने जाहीर केलं की तो नोकरी सोडून गेम करणार आहे. नाव 'गंजलेला पाऊस'. भविष्यातलं शहर, त्यात एक गुप्तहेर, आणि चित्रं मात्र फार जुन्या गेममध्ये असायची तशी, एकेक चौकोनी ठिपका मोजून मापून ठेवलेली. खेळणाऱ्याने हेर होऊन खोल्याखोल्यांतून फिरायचं, माउसने वस्तू उचलून बघायच्या, लोकांना बोलतं करायचं आणि खुनी पकडायचा. "असलं बारीक काम तुझ्याशिवाय कुणाला जमणार?" असं म्हणून दादाने तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, आणि चिमी शाळेत राजीनामा देऊन आली.

गेमची गोष्ट अशी होती: एक अवाढव्य कंपनी असते. ती आपल्या कामगारांनी लावलेले शोध स्वतःच्या नावावर खपवते आणि त्या बिचाऱ्यांची नावं सगळीकडून पुसून टाकते. दादाला या अन्यायाची फार चीड होती. कामगारांचे संवाद लिहिताना त्याचे डोळे भरून यायचे आणि मग त्याला चहा लागायचा.

कामाची वाटणी सोपी होती. दादा गोष्ट आणि संवाद लिहायचा, आणि उरलेल्या वेळात त्याला दृष्टी होती. चिमी चित्रं काढायची. हेर चालतो म्हणजे आठ चित्रं, त्याचा कोट उडतो म्हणजे आणखी सहा, सिगरेट पेटवली की धुराची बारा. दादाचा हेर कुणाला साधं "किती वाजले" विचारायच्या आधीही सिगरेट पेटवायचा, त्यामुळे चार वर्षांत चिमीने जेवढा धूर काढला तेवढा एखाद्या कारखान्याने काढला नसेल. शिवाय रंग सोळाच वापरायचे, हा दादाचा दंडक. सोळांतले अकरा जांभळे.

आणि कोड वहिनीचा. वहिनी एका मोठ्या ऑफिसात कॉम्प्युटर विभागात होती. रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी दोन तास आणि शनिवार-रविवार अख्खे, ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसायची. दार उघडणं, दिवा लागणं, हेराने जिना चढणं, पावसाने पडणं, यातली एकही गोष्ट तिने सांगितल्याशिवाय होत नव्हती. ताटं मांडायची वेळ झाली की टेबल तिच्या हातातून जायचं. चिमीला मागच्या खोलीत खिडकीपाशी एक स्टूल आणि त्यावर उशी. गोल फिरणारी खुर्ची दादाला, कारण दृष्टी असलेल्या माणसाच्या पाठीला आधार लागतो.

"'या शहरात सावल्यांनाही भाडं भरावं लागतं,'" दादा खुर्चीतून मोठ्याने वाचून दाखवायचा. "कसं वाटतंय?"

"पावती कुणाच्या नावाने फाडायची?" वहिनी टेबलावरून विचारायची.

दादा घायाळ व्हायचा. पण वाक्य काही काढायचा नाही.

तरी गेम होत गेला, आणि खोटं कशाला बोला, चांगला होत गेला. दोनशे अकरा खोल्या काढल्या चिमीने. त्यातल्या प्रत्येकीत कुणीतरी राहत असल्याचं कळायचं. कुठे पलंगाची एकच बाजू खचलेली, कुठे लोखंडी हात रात्रीपुरता काढून खुंटीला टांगलेला, कुठे दाराआड एकमेकांना चिकटून ठेवलेले चपलांचे दोनच जोड. सोळा रंगांत आणि बोटाएवढ्या जागेत हे सगळं. वहिनी कधी कधी कोड लिहायचं थांबवून नुसती त्या खोल्यांतून फिरून यायची, आणि "चिमे, ती धोबिणीची खोली बघून मला रडूच आलं गं," असं सांगायची. दादा म्हणायचा, "हो, तिचा संवाद मी तीनदा लिहिला."

चिमीला या सगळ्यातून एकच गोष्ट हवी होती. गेम संपला की पडद्यावर नावं वर सरकत जातात ना, तिथे 'चित्रं' या शब्दापुढे तिचं नाव. बास. गेली चार वर्षं ओळखीची माणसं विचारत होती, "सध्या काय करतेस?" आणि ती सांगायची, "दादाबरोबर गेम करते," आणि माणसं म्हणायची, "वा वा, त्याला मदत करतेस." आई फोनवर रोज बजावायची, "त्याला त्रास देऊ नकोस गं, एकटा किती करणार तो?" चिमी मूग गिळून ऐकायची. पडद्यावर नाव आलं की सगळ्यांना एकदाच दाखवू, असं तिने ठरवून ठेवलं होतं.

मग तो फॉर्म आला.

दर वर्षी एका मोठ्या हॉलमध्ये नव्या गेमचं प्रदर्शन भरायचं. त्यात 'एकांडे शिलेदार' नावाचा एक विभाग असायचा, एकाच माणसाने केलेल्या गेमसाठी. त्यांना दर्शनी जागा, स्टेजवर वीस मिनिटं, आणि समोर पहिल्या रांगेत एक बाई. ही बाई असे गेम निवडून जगभर पोचवणाऱ्या कंपनीची होती, आणि तिने मान डोलावली की गेमचं भलं व्हायचं. 'टीममध्ये माणसं किती' या रकान्यात दादाने 'एक' लिहिलं आणि मग दोघींना हाक मारली.

"लोकांना गोष्ट लागते," तो खुर्ची गोल फिरवत म्हणाला. "एक माणूस, एक खोली, चार वर्षं. ऐकणाऱ्याच्या घशात आवंढा येतो. तेच 'एक माणूस, त्याची बायको आणि बहीण' म्हटलं की घरगुती शिकवणी वर्ग वाटतो."

"म्हणजे आम्ही खोलीत नव्हतो?" वहिनीने विचारलं.

"होतात गं. पण गोष्टीत नव्हतात."

"आणि मी काढलेल्या दोनशे अकरा खोल्या?"

"चिमे, तू मनाला लावून घेऊ नकोस. तात्पुरतं आहे. एकदा त्या बाईने गेम घेतला की सगळं नीट लावू."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. नाही म्हटलं तर गेम या घराच्या बाहेरच पडणार नाही, ही भीती दोघींना होती. म्हणून दोघी हो म्हणाल्या. आपण हो म्हणालो होतो, हे नंतर दोघींनाही सोयीस्करपणे आठवेनासं झालं.

पुढच्याच आठवड्यात नावांची यादी तयार झाली. कथा: दादाचं नाव. संवाद: दादाचं नाव. दिग्दर्शन, चित्रं, कोड, ध्वनी: दादा, दादा, दादा, दादा. आणि सगळ्यांत खाली, 'विशेष आभार: घरची मंडळी'. ही यादी गेममध्ये बसवायचं काम अर्थातच वहिनीला करावं लागलं, कारण दादाला ते येत नव्हतं.

"घरची मंडळी," वहिनी स्वयंपाकघरात चिमीला म्हणाली, "म्हणजे तू, मी आणि फ्रिज."

चिमी हसली, पण तिचं डोकं तापलं होतं. मागच्या खोलीत दादा आरशासमोर मुलाखतीची तालीम करत होता. "त्या खोलीत मी एकटाच होतो," तो भरल्या आवाजात आरशाला सांगत होता. "मी, पाऊस आणि माझी स्वप्नं." चिमी जाऊन आपल्या स्टुलावर बसली आणि कामाला लागली. दादाने मान वळवली आणि म्हणाला, "जरा माउसचा आवाज कमी कर ना. लिंक तुटते."

प्रदर्शनाच्या दिवशी दादाने हेरासारखा लांब कोट घातला. हॉलमध्ये शेकडो कॉम्प्युटर गरम वाफा सोडत होते आणि पंखे नुसते फिरत होते. दहा वाजता दादाच्या कपाळावर घाम आला, अकरा वाजता कोटाच्या पाठीवर. "कलाकार आहे बिचारा, आजारी दिसतोय," असं कुणीतरी म्हणालं, आणि ते दादाच्या पथ्यावरच पडलं.

सकाळपासून स्टॉलवर येऊन सोळा जण खेळून गेले. पहिल्या प्रकरणात एक शास्त्रज्ञ आपल्या खोलीत मरून पडलेला असतो. खोलीत एकेचाळीस वस्तू, आणि त्यातली एक खरी खूण: चहाच्या कपाचा तुटलेला कान. खुन्याच्या लोखंडी हाताने कप धरला, पकड जोरात बसली आणि कान तुटून पडला. हा कान चिमीने गडद जांभळ्या गालिच्यावर त्याहून जरा गडद अशा तीन ठिपक्यांनी काढला होता. वर्षभर तीच खोली बघून चिमीला आणि वहिनीला तो कान डोळे मिटूनही दिसायचा. सोळा जणांपैकी मात्र एकालाही तो दिसला नाही. एका बाईने पडद्याला बोट लावून विचारलं, "इथे काही कचरा चिकटलाय का?"

"उथळ लोक आहेत," दादा म्हणाला. "बघायची सवयच राहिली नाही कुणाला."

वहिनीने काळजीने चिमीकडे पाहिलं. चिमीनेही पाहिलं. आता बदलायला वेळ नव्हता.

तीन वाजता दादा स्टेजवर गेला. समोर शंभरेक माणसं, पहिल्या रांगेत ती बाई, मांडीवर वही. चिमी आणि वहिनी तिसऱ्या रांगेत. निवेदकाने चकचकीत जाकीट घातलं होतं आणि प्रत्येक वाक्य तो एखाद्याचं बक्षीस जाहीर करावं अशा आवाजात बोलत होता.

दादाने एक खोली, चार वर्षं, पाऊस आणि स्वप्नं हे सगळं व्यवस्थित सांगितलं. आवंढा नेमक्या जागी आला. माणसं हळहळली. बाईने वहीत काहीतरी लिहिलं.

"सर, मग आता होऊन जाऊ दे!" निवेदक म्हणाला. "पहिलं प्रकरण, ज्याने घडवलं त्याच्याच हातून!"

आता एक गोष्ट सांगायला हवी. दादाने आपला गेम कधी खेळलाच नव्हता. काम चालू असताना वहिनीने सोयीसाठी एक गुप्त बटण ठेवलं होतं, ते दाबलं की खूण आपोआप सापडायची आणि पुढचा प्रसंग यायचा. शोधाशोधीचा दादाला कंटाळा, त्यामुळे चार वर्षं त्याने ते बटणच दाबलं. प्रदर्शनासाठीच्या प्रतीतून वहिनीने ते काढून टाकलं, नाहीतर एखाद्याचा कोपर लागून खुनी सापडला असता. तिने हे दादाला दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा दादा "हो हो" म्हणाला, कारण तेव्हा तो आवंढ्याची तालीम करत होता.

स्टेजवर दादाने बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. मोठ्या पडद्यावर हेर शास्त्रज्ञाच्या खोलीत उभा होता आणि त्याच्या कोटातून पाणी गळत होतं.

मग दादाला आठवलं की आपण कथेत 'खिडकीपाशी' असं लिहिलं होतं. त्याने माउस खिडकीवर नेऊन दाबला. हेराने सिगरेट पेटवली, बारा चित्रांचा धूर सोडला आणि म्हणाला, "खिडकी. बाहेर पाऊस. आत मी."

लोकांना ते आवडलं. दोघा-तिघांनी "वा!" म्हटलं.

दादाने पुन्हा खिडकी दाबली. हेराने पुन्हा सिगरेट पेटवली. "खिडकी. बाहेर पाऊस. आत मी."

कान खिडकीपाशी नव्हताच. तिथे तो खिडकीच्या पडद्याआड जायचा म्हणून चिमीने तो गेल्या वर्षीच पलंगाखाली हलवला होता. तेही दादाला सांगितलं होतं, आणि त्यालाही दादा "हो हो" म्हणाला होता. आता तो खिडकीच्या वर दाबत होता, खाली दाबत होता, बाजूला दाबत होता, आणि कुठेही दाबलं तरी हेर शांतपणे सिगरेट पेटवत होता. पाचव्या वेळी लोक हसले. सातव्या वेळी मागच्या रांगेने हेराबरोबर ते वाक्य म्हटलं. नवव्या वेळी अख्ख्या हॉलने म्हटलं, "बाहेर पाऊस, आत मी!" आणि वर टाळ्याही वाजवल्या. दादाची पाचावर धारण बसली होती. कोटाच्या बाह्यांतून आता खरंच पाणी गळायचं बाकी होतं.

"सर आपली परीक्षा घेतायत!" निवेदक म्हणाला, पण त्याचा आवाज पडला होता.

पहिल्या रांगेतल्या बाईने वही मिटली. तिने पिशवी शोधायला हात खाली घातला. चार वर्षं, दोनशे अकरा खोल्या, धोबीण, तिचा पलंग, ते सगळं त्या पिशवीबरोबर दारातून बाहेर चाललं होतं.

"पलंगाखाली!" चिमी ओरडली. "पलंगाच्या उजव्या पायाशी बघ!"

शंभर माना वळल्या. दादाने माउस पलंगाखाली नेला. पडद्यावर कपाचा कान मोठा होऊन आला आणि हॉलमध्ये "अरेच्चा!" असा एकच आवाज झाला.

"वा वा!" निवेदकाला जीव आला. "मॅडमनी आधी खेळलाय वाटतं गेम?"

"नाही," चिमी उभी राहत म्हणाली. "मी काढलाय."

"काय काढलंय?"

"तो कान. तो पलंग. ती खोली." आता ती थांबेना. "सगळंच मी काढलंय."

दादाने माइक तोंडाशी नेला आणि खेळीमेळीने हसला. "ही माझी धाकटी बहीण. रंग भरायला मदत करते मला."

चिमीच्या कानशिलांत रक्त चढलं. रंग भरायला! बाजूला बसलेल्या वहिनीने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला पुढे ढकललंच. "जा वर," ती दातओठ खात म्हणाली. "सांग त्यांना, त्या खोलीत कोण कोण होतं ते."

चिमी वर गेली. निवेदकाने तिच्या हातात माइक दिला, आणि अडतीस वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज एवढ्या मोठ्या खोलीत सगळीकडे पोचला. ती सांगत गेली. हेराची आठ पावलं. पाऊस एकावर एक तीन थरांत कसा काढावा लागतो. धोबिणीच्या पलंगाची एक बाजू का खचलेली आहे. लोखंडी हात खुंटीला टांगलेला असताना त्याची बोटं किंचित मिटलेली का ठेवली. शब्द शोधावे लागले नाहीत, सगळे तयारच होते. लोक हसले, मग गप्प झाले, मग पुढे सरकून ऐकायला लागले. तिचं बोलणं थांबलं तेव्हा ज्या टाळ्या पडल्या तशा टाळ्या दादाच्या आवंढ्याला पडल्या नव्हत्या. पहिल्या रांगेतल्या बाईने पिशवी खाली ठेवली आणि वही उघडली.

ते दादाने पाहिलं. दादा काही मूर्ख नव्हता. तो दोन पावलं पुढे आला आणि त्याने चिमीच्या खांद्यावर हात टाकला.

"मी 'एकटा' म्हणालो ना," तो भरल्या आवाजात म्हणाला, "त्याचं कारण एवढंच, की ही आणि मी वेगळे आहोत असं मला कधी वाटलंच नाही."

हॉल विरघळला. कुणीतरी नाक शिंकरलं. निवेदकाने हात पसरले. "एक भाऊ! एक बहीण! एक खोली! म्हणजे कथा, चित्रं, कोड, सगळं सगळं तुम्ही दोघांनीच?"

"दोघांनीच," दादा म्हणाला.

निवेदकाने चिमीकडे पाहिलं. दादानेही पाहिलं. खांद्यावरचा हात जरा घट्ट झाला. खाली ती बाई पेन उचलून वाट बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर मघाचा कंटाळा औषधालाही उरला नव्हता.

"हो," चिमी म्हणाली. "म्हणजे..."

'हो'वरच टाळ्या सुरू झाल्या आणि 'म्हणजे' त्यात बुडून गेलं. चिमीने ते बुडू दिलं. टाळ्या थांबल्या की सांगू, असं तिने स्वतःला बजावलं. वाक्य तिच्याकडे तयार होतं, चारच शब्दांचं: सगळा कोड वहिनीने लिहिलाय. पण दिव्यांची ऊब चेहऱ्यावर छान लागत होती, आणि आता 'घरगुती शिकवणी वर्ग' कशाला मध्ये आणायचा, असं तिला वाटलं. हा शब्द आपला नव्हे, दादाचा आहे, हेही तिच्या लक्षात आलं. तरी वाटलं ते वाटलंच.

टाळ्या थांबल्या. दादाने ऐटीत पुढचा प्रसंग सुरू केला. हेर दाराकडे निघाला आणि दारातून जायच्या ऐवजी शेजारच्या भिंतीत कमरेपर्यंत शिरून अडकला. दादाने मघाशी खिडकीवर तीसेक वेळा माउस आपटला होता, ती सगळी वाक्यं आत साठून बसली होती. भिंतीतून हेराचे नुसते पाय चालत होते आणि आवाज येत होता, "खिडकी. बाहेर पाऊस. आत मी. खिडकी. बाहेर पाऊस. आत मी."

दादाने एक बटण दाबलं, मग दुसरं. मग त्याने लॅपटॉप उचलून जरा हलवला. चिमीलाही काही कळत नव्हतं. हॉलमध्ये पुन्हा हशा उसळायला लागला.

तिसऱ्या रांगेतून वहिनी उठली. खांद्याला ऑफिसची पिशवी तशीच ठेवून ती बाजूच्या पायऱ्यांनी वर आली, दादाला कोपराने बाजूला केलं आणि उभ्या उभ्याच टाइप करायला लागली. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी झरझर वर गेल्या. तिने त्यातली एक शोधली, बदलली, आणि पुन्हा सुरू केलं. हेर भिंतीतून बाहेर आला, कोट झटकला आणि दारातून नीट निघून गेला. सगळं मिळून एक मिनिटही लागलं नसेल.

"क्या बात है!" निवेदक ओरडला. "आयोजकांच्या तांत्रिक विभागाचे मनापासून आभार! मॅडमसाठी एकदा जोरदार टाळ्या!"

वहिनी सरळ उभी राहिली. तिने दादाकडे पाहिलंही नाही. तिने चिमीकडे पाहिलं, आणि ती थांबली. माइक चिमीच्या हातात होता आणि चालू होता. चारच शब्द होते. पहिल्या रांगेतली बाई मान खाली घालून भराभर लिहीत होती.

चिमीने माइक काखेत धरला आणि दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या.